अडीच मिनिटांतला गवई

विलंबित एकतालाचे एक आवर्तन पुरे व्हायला सहज पाऊण मिनिट लागते. गायक निवांत बसला असेल तर मिनिटभरही. मध्यलयीतला तीनताल, मिनिटाला १२० मात्रांच्या चालीने, आठ सेकंदांत समेवर येतो. हल्लीच्या ट्रेलरमध्ये एक दृश्य पडद्यावर राहते ते मात्र दोन-तीन सेकंद. गवयाच्या, शाहिराच्या किंवा संगीतकाराच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाचा ट्रेलर कापायला बसलेल्या संकलकापुढे हे गणित पहिल्या दिवसापासून उभे असते. एकूण वेळ अडीच मिनिटे. त्यात बालपण हवे, गुरू हवा, हेटाळणी हवी, लग्न, भांडण, टाळ्या, निर्मात्याचे नाव, प्रदर्शनाची तारीख. एवढे सगळे बसवल्यावर गाण्याच्या वाट्याला येतो तानेचा एखादा तुकडा, आणि तो संपायच्या आत त्याच्यावर ढोलांचा दणका येऊन आदळतो. ज्याने जन्मभर समेवर येण्याची मेहनत केली, त्याच्याच चित्रपटाच्या झलकेत त्याला समेपर्यंत पोहोचू दिले जात नाही. हे पुस्तक त्या खटकण्यातून लिहिले गेले.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकते. संगीतावरच्या चरित्रपटाचा ट्रेलर परिणाम करतो तो कानाशी खरा वागला तर. त्याने निदान एक सुरावट, कितीही छोटी असो, सुरू करून पुरी करावी. आणि तो आवाज कोणाचा आहे याबद्दल ऐकणाऱ्याला चकवू नये. वेशभूषा, वाडे, कंदील, टाळ्याखाऊ संवाद, पुरस्कारांच्या पाट्या हे सगळे या दोन गोष्टी जमल्या की शोभून दिसते. त्या जमल्या नाहीत तर त्याच पाट्यांचे ओझे होते.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत राहून (परभणीचे सेलू वेगळे, आमचे बोर धरणाच्या खालचे, घोराडच्या केजाजी महाराजांच्या शेजारचे) या विषयावर कोणी पुस्तक का लिहावे, असे मला विचारले गेले आहे. कारण असे की मराठी चरित्रपट आमच्यापर्यंत पुष्कळदा ट्रेलरच्याच रूपाने पोहोचतो. चित्रपट पाहायचा तर वर्धा किंवा नागपूर गाठावे लागते. तिथेही मराठी चित्रपटाला दिवसातून एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळेचा, आणि आठवडा उलटला की तो उतरलेला. मग हातात राहतो तो फोनवरचा ट्रेलर. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला जी जाहिरात वाटते, ती आमच्याकडच्या कित्येकांच्या दृष्टीने त्या गायकाची पहिली आणि काहींच्या बाबतीत शेवटची भेट असते. वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला, वाढले नागपूरला. तरी इथल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना ते आपल्याकडचे आहेत हे २०२२ सालच्या 'मी वसंतराव'च्या निमित्तानेच कळल्याचे मी पाहिले आहे. इतके मोठे काम ज्या अडीच मिनिटांवर येऊन पडते, त्यांच्याकडे गंभीरपणे पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ट्रेलर हा प्रकार अमेरिकेतला. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवलेला जो तुकडा पहिला ट्रेलर मानला जातो, तो चित्रपटाचा नव्हताच. 'द प्लेझर सीकर्स' या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाची ती जाहिरात होती, म्हणजे या प्रकाराची सुरुवातच संगीताच्या तिकिटासाठी झाली. आपल्याकडे मात्र गाणाऱ्या माणसाच्या चित्रपटाची वर्दी देण्याची रीत वेगळ्या वाटेने घडली, आणि ती वाट आजच्या संकलकांनी पुन्हा एकदा पाहावी अशी आहे.

तेव्हा या चित्रपटांना चरित्रपट असे वेगळे नाव कोणी दिले नव्हते. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला, १९५१ साली व्ही. शांताराम यांचा होनाजी बाळावरचा 'अमर भूपाळी'. वसंत देसाईंच्या संगीताच्या या चित्रपटाला कान महोत्सवात ध्वनिमुद्रणाचे पारितोषिक मिळाले. संत, शाहीर, कवी अशी ही गाणाऱ्या माणसांची परंपरा आहे. हे चित्रपट गावोगाव पोहोचत ते टांग्यावर किंवा छकड्यावर बांधलेल्या भोंग्यातून, रंगीत पत्रकांतून आणि गाण्यांच्या चोपडीतून.

ही चोपडी मला फार महत्त्वाची वाटते. चार-आठ पानांची, स्वस्त कागदाची. पहिल्या पानावर चित्र, आत नटांची नावे, मग कथासार. ते कथासार ऐन मोक्यावर थांबायचे आणि पुढचे रुपेरी पडद्यावर पाहा, असे सांगायचे. गाणी मात्र पूर्ण छापलेली असत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत. कथा झाकून ठेवायची आणि गाणे उघडे ठेवायचे, असा तिचा रिवाज होता. गाणे माहीत असलेला माणूस ते ऐकायला पुन्हा येतो, हे त्या छापणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आजचा ट्रेलर बरोबर उलट करतो. बालपणापासून अंत्ययात्रेपर्यंतची कथा सांगून मोकळा होतो आणि गाणे तोडतो.

चोपडीच्याही आधीची एक शाळा आहे, ती ७८ आरपीएमच्या तबकडीची. तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे, म्हणजे आजच्या ट्रेलरपेक्षा थोडेसेच जास्त. १९०२ साली गौहर जान यांनी भारतातल्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या दिल्या तेव्हा त्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत. कलाकार कोण हे त्यांनी त्या तीन मिनिटांतच सांगून ठेवले. रंगमंचावर वन्समोअर घेत रात्र लांबवणारे बालगंधर्व तबकडीपुढे तेच पद तीन मिनिटांत बसवत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. मुखडा लगेच समोर येतो, दोन-चार आलापांत रागाचा चेहरा उभा राहतो, थोड्या ताना, परत मुखडा, संपले. कुठेही घाई जाणवत नाही. थोडक्या वेळात गाणे पुरे कसे करायचे, हा प्रश्न आपल्या गवयांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवलेला आहे. ट्रेलर कापणाऱ्याने त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून बसावे, ही या पुस्तकातली माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे.

मग रेडिओ आला. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ साली, आणि सुरुवातीच्या केंद्रांमध्ये मुंबई-पुण्याबरोबर नागपूर होते. त्यामुळे रेडिओवरून चित्रपटाची जाहिरात ऐकण्याची सवय विदर्भाला लवकर लागली. पंधरा मिनिटांच्या प्रायोजित कार्यक्रमात संवादांचे तुकडे, गाण्यांचे मुखडे आणि अमीन सयानींसारखा निवेदक. चित्र शून्य. तरीही तिकिटे खपत. आज एखादा ट्रेलर डोळे मिटून ऐकला आणि काहीच हाती लागले नाही, तर तो संगीताच्या चित्रपटाचा ट्रेलर म्हणून कच्चा आहे, हे मी त्या रेडिओच्या आधाराने म्हणते.

आताच्या ट्रेलरांकडे वळले की तीन-चार वळणे स्पष्ट दिसतात. त्यांना घराणी म्हणण्याचा मोह होतो, पण घराण्याला तीन पिढ्या लागतात. यांचे वय अजून तेवढे नाही.

पहिले वळण आठवणींचे. लोकांना पाठ असलेली गाणी एकामागून एक ऐकवायची आणि प्रेक्षकाला त्याच्या तरुणपणात नेऊन सोडायचे. याचा जगभर गाजलेला नमुना म्हणजे २०१८ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा पहिला ट्रेलर. क्वीन या बँडच्या अनेक गाण्यांचे तुकडे त्यात एकमेकांत विणलेले आहेत. एका गाण्याची चाल खाली चालू असताना दुसऱ्याचे शब्द वर येतात आणि सांधा कुठे आहे हे कळत नाही. त्याच ट्रेलरमध्ये ध्वनिमुद्रण कंपनीचा माणूस सहा मिनिटांचे गाणे फार लांब आहे म्हणून वैतागतो. एवढ्या एका तक्रारीत त्या कलाकाराचा हट्ट, धंद्याचे नियम आणि पुढचा संघर्ष, सगळे येऊन जाते. मराठीत हे वळण घेणारे बहुतेक जण विणण्याचे कष्ट घेत नाहीत. तुकड्याशेजारी तुकडा ठेवतात. काळी एकमधल्या गाण्याला पांढरी चारमधले गाणे चिकटवले की कान अडखळतो, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी ट्रेलर उरकल्यासारखा वाटतो. सुधीर फडके यांच्यासारख्या संगीतकाराच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा. नुसत्या गीतरामायणातच छप्पन्न गीते. त्याखेरीज चित्रपटगीते, भावगीते. निवड करताना हात थरथरणारच. १ मे २०२४ ला 'स्वरगंधर्व सुधीर फडके' प्रदर्शित झाला. त्याच्या निमित्ताने मी या पुस्तकात हा निवडीचा प्रश्न बराच ताणून पाहिला आहे.

दुसरे वळण दुःखाचे. व्यसन, दारिद्र्य, विरह, मग टाळ्या. 'रे' (२००४) आणि 'वॉक द लाइन' (२००५) यांनी हा साचा इतका पक्का केला की पुढची वीस वर्षे तो सगळ्यांच्या हाताशी राहिला. आपल्याकडे दुःखाला तोटा नाही. १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्याच सुमारास बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही घटना कुठल्याही ट्रेलरला आयती मिळालेली आहे. पण तिचा उपयोग कसा करायचा? रडणारा बाप दाखवून, की त्या रात्रीचे पद तसेच चालू ठेवून? पद तसेच ठेवणाऱ्याच्या बाजूने मी आहे. दुःखाने सूर हलला नाही, हीच त्या रात्रीची बातमी होती.

रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' (२०११) हा तर वेगळाच पेच. तिथे उत्सुकता कानाइतकीच डोळ्यांची होती: सुबोध भावे शालू नेसून कसे दिसतात? विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगीच नव्हे. गाणे मात्र आनंद भाटे यांचे, आणि त्यांनाही त्याच वर्षीचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, आणि दोघे मिळून तिसऱ्याचे रूप उभे करतात. ज्या प्रेक्षकाच्या आजोबांनी खुद्द बालगंधर्वांना ऐकले होते, त्याच्यापुढे हे ठेवायचे होते. असा चित्रपट लोकांनी स्वीकारला यावरून मला एक गोष्ट नक्की वाटते: आवाज उधार असल्याने प्रेक्षक दुखावत नाही, तो गळा त्या गाण्यात मुरलेला नसला की दुखावतो.

तिसरे वळण मला सर्वांत जवळचे. त्यात घडण दाखवतात: सकाळचा तानपुरा, चुकलेली जागा, गुरूची हरकत, पुन्हा तीच जागा. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'मी वसंतराव'च्या विषयातच हे होते. नागपुरात सप्रे गुरुजींकडची तालीम, मास्टर दीनानाथांचा ठसा, पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी, आणि कितीतरी उशिरा, १९६७ साली, 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब. तुमचे घराणे कोणते, या प्रश्नाला वसंतरावांनी दिलेले उत्तर महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे: ते स्वतःपासून सुरू होते. राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली, तेच गायले आणि संगीतही त्यांनीच दिले. नातवाच्या गळ्यात आजोबा शोधण्याची ही ओढ दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाला उसनी आणता येणार नाही. पार्श्वगायनाबरोबर ध्वनिसंयोजनाचाही राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, म्हणजे इथे कानाची काळजी मुळापासून घेतलेली होती.

याच वळणावर परदेशातला एक नमुना फार शिकवणारा आहे. २०२४ साली बॉब डिलनवरच्या 'अ कम्प्लीट अननोन'चा टीझर आला. त्यात तिमथी शालमे एकच गाणे म्हणत राहतो. गाणे पुढे सरकते आणि दृश्ये त्याच्यामागून येतात: रस्ता, खोली, ऐकणारे चेहरे. गाणारा माणूस अजून कोणी मोठा झालेला नाही, हे त्या कोवळ्या आवाजातूनच कळते. शालमे स्वतः गायला आहे ही बातमी टीझरला वेगळी सांगावी लागली नाही. ऐकणाऱ्याने ती ऐकली. एका गाण्यावर एवढा विसंबून राहणारा मराठी टीझर पाहायला मी आतुर आहे.

चौथ्या वळणात ट्रेलरच्या आधी गाणे सोडतात. केदार शिंदे यांच्या 'महाराष्ट्र शाहीर'च्या (२८ एप्रिल २०२३) वेळी अजय-अतुल यांचे एक प्रेमगीत आधी आले आणि लहान-मोठ्यांनी त्यावर रील्स केली. ट्रेलरचे निम्मे काम गाण्यानेच करून टाकले. धंद्याच्या दृष्टीने हे अचूक. माझ्या मनात मात्र एक शंका राहते. ज्यांच्यावर तो चित्रपट आहे त्या शाहीर साबळे यांचा आवाज आणि त्या गाजलेल्या नव्या गाण्याचा गोडवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाण्याच्या ओढीने आलेल्या मुलाला चित्रपटात डफ आणि पोवाडा भेटतो. तो तिथे रमला तर फारच चांगले. पण त्याला तिथवर नेण्याची जबाबदारी ट्रेलरची आहे, आणि ती त्याने नाकारता कामा नये.

आता आवाजाच्या खरेपणाचा प्रश्न, जो मला सर्वांत तातडीचा वाटतो. जगात याची तीन-चार उत्तरे रूढ आहेत. 'रे'मध्ये बहुतांश आवाज खुद्द रे चार्ल्स यांचा आहे. 'वॉक द लाइन'मध्ये वॉकीन फीनिक्स स्वतः गायला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त फ्रेडी मर्क्युरीचे मूळ ध्वनिमुद्रण आणि मार्क मार्टेल या गायकाचा आवाज यांची बेमालूम जुळणी आहे. इम्तियाज अलींच्या 'अमर सिंग चमकीला'त (२०२४) दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायले. प्रत्येक उत्तराची किंमत वेगळी, फायदा वेगळा. मूळ आवाज घ्यायचा तर ध्वनिमुद्रणाचे हक्क लागतात. आपल्या कायद्यात ते प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या त्या मुदतीच्या पलीकडे गेल्या आहेत, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांतली ध्वनिमुद्रणे अजून कंपन्यांच्या ताब्यात आहेत. कित्येकदा ट्रेलरमध्ये मूळ आवाज का नाही, याचे उत्तर कलेत नसून करारात असते.

आणि आता यंत्राने तयार केलेला आवाज आला आहे. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'च्या एका गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवले. त्यासाठी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. रीतसर केलेले हे काम आहे. पण उद्या एखाद्या मराठी गायकाचा असा आवाज ट्रेलरमध्ये ऐकू आला आणि पाटीवर काहीच लिहिलेले नसले, तर? फोनच्या छोट्या स्पीकरवर, गर्दीत, वीस सेकंदांत खरे-खोटे कोणाला ओळखता येणार? म्हणून ट्रेलरच्याच एका पाटीवर, ठळक अक्षरांत, गळा कोणाचा हे सांगण्याचा प्रघात पडावा असे मी म्हणते. गौहर जान यांनी ते १९०२ सालीच करून ठेवले आहे.

ट्रेलरमधल्या गाण्यावर लोक किती विसंबतात, याचा एक दाखला आपल्याच राज्यातला आहे. २०१६ सालचा 'फॅन' हा हिंदी चित्रपट पाहायला औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) एक शिक्षिका घरच्यांसह गेल्या. जाहिरातीत सतत वाजलेले गाणे चित्रपटात नव्हतेच. त्या ग्राहक न्यायालयात गेल्या. राज्य आयोगाने त्यांना १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय उचलून धरला. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: ट्रेलर म्हणजे करार नव्हे, त्यातले सगळे चित्रपटात असेलच असे वचन त्यातून निघत नाही. कायद्याच्या अंगाने हे पटते. पण एका शिक्षिकेची गाण्यासाठीची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, ही गोष्ट मला निकालापेक्षा मोठी वाटते. ट्रेलरमध्ये ऐकलेले गाणे लोक शब्द दिल्यासारखे धरून ठेवतात. गायकाच्याच आयुष्यावरच्या चित्रपटात तर तो शब्द पाळायलाच हवा.

ऐकण्याची जागा बदलली आहे, याचाही विचार करायला हवा. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, थिएटरच्या ध्वनियंत्रणेवर तो घुमतो. फोनवरच्या ट्रेलरला यातले काही नाही. काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा, त्याखालचा खर्ज ६९ च्या आसपास. फोनच्या स्पीकरमधून हा खर्ज जवळपास येतच नाही. वरच्या स्वरांशावरून कान अंदाजाने तो भरून काढतो, पण तानपुऱ्याची जी ऊब असते ती गेलेली असते. उरते ती वरची झणझण. पेटी आणि ऑर्गन मात्र त्याच स्पीकरवर ठणठणीत ऐकू येतात. म्हणून नाट्यसंगीताचा ट्रेलर फोनवर तरतो आणि ख्यालाचा बसतो, असा माझा अनुभव आहे. चांगला ध्वनिसंयोजक फोनसाठी वेगळे मिश्रण करतो, गळ्याला मधल्या पट्ट्यात थोडे पुढे आणतो आणि ढोलांचे दणके मागे सारतो. निर्मात्यांनी यासाठी दोन दिवस जास्तीचे द्यावेत. त्यात भर म्हणजे समाजमाध्यमांवर पुष्कळ ट्रेलर आवाज बंद असतानाच सुरू होतात. संगीताच्या चित्रपटाला यासारखा शाप नाही. पहिल्या दोन सेकंदांत असे काही दिसले पाहिजे की बोट आपसूक आवाजाच्या बटणाकडे जावे: तारेवर टेकलेले बोट, गाण्याआधी घेतलेला श्वास, ऐकणाऱ्याचा चेहरा. हारतुरे आणि पाठमोरा गायक पाहून कोणी आवाज वाढवत नाही.

बिरुदांचेही तसेच. अमुकसम्राट, तमुकगंधर्व, पद्मभूषण. जाणत्याला ही ओळख नको असते आणि नवख्याला ती पुरत नाही. ज्याने वसंतराव कधी ऐकले नाहीत त्याला त्यांची एक झेप ऐकवा. तो बिरुद स्वतः देईल.

हे पुस्तक संकलन शिकवण्याचा अभ्यासक्रम म्हणून लिहिलेले नाही, आणि कोणत्या ट्रेलरला किती लाख लोकांनी पाहिले याची मोजदाद त्यात नाही. ते आकडे विकत घेता येतात. मी केले ते एवढेच की निवडक ट्रेलर कानाने वाचले. कुठे सूर सुरू होतो, कुठे तुटतो, तोडण्याला कारण होते की नुसती घाई होती, हे सेकंदासेकंदाने मांडले. मराठी चित्रपट मध्यभागी ठेवले आणि हिंदी-इंग्रजी उजेडापुरते घेतले. जिथे माझे मत कडक आहे तिथे ते तसेच ठेवले आहे. वाचकाने तो ट्रेलर ऐकून ते खोडून काढावे.

शेवटच्या भागात मी न निघालेल्या चित्रपटांबद्दलही लिहिले आहे, कारण आमच्या भागाची उपासमार तिथेच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचेच पाहा. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म, १९३६ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला मुक्काम, १९४२ च्या आष्टी-चिमूरच्या लढ्यानंतर तुरुंगवास, पुढे 'ग्रामगीता'. आणि हातात सदैव खंजिरी. त्यांच्यावरच्या चित्रपटाचा ट्रेलर मी मनात कित्येकदा कापला आहे. पडदा काळा, फक्त खंजिरी. आधी एकट्या थापेची, मग झांजांची किणकिण तिच्यात मिसळलेली. मग एका माणसाचे भजन, धृपदाची एक ओळ पूर्ण. त्या ओळीमागे शेकडो गळे तीच ओळ म्हणतात आणि तेव्हा पहिल्यांदा उजेड होऊन समोर बसलेले गाव दिसते. निवेदन नको, बिरुद नको. लोकांनी ओळ उचलली की तो माणूस कोण होता हे कळते. कोणी तरुण दिग्दर्शक हे वाचत असेल तर ही कल्पना त्याने खुशाल घ्यावी. भजनाला बसणारी, ओळ उचलणारी माणसे त्याला सेलूत आणि घोराडात आजही मिळतील.

वाचकांना एक विनंती. पुस्तकात ज्या ट्रेलरचा उल्लेख येईल तो आधी डोळे मिटून, इअरफोन लावून ऐका. मग आवाज बंद करून पाहा. त्यानंतर दोन्ही एकत्र. माझे निरीक्षण वाचायचे ते या तिन्हीनंतर, आणि घरात गाणारे कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवून.

सेलू (जि. वर्धा)